न लावलेले दहा पापुद्रे

१

“यांच्या पायाला दहा पापुद्रे आधीच लावून झालेत,” लेटा म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य तिला खोटं वाटलं.

तपासणीच्या खाटेवर पाय लांब करून बसलेल्या व्हेस्टा स्टिडमनं चष्मा कपाळावर सरकवला. “कुणाच्या पायाला?”

“तुमच्या, मॅमॉ.”

“अगं, हा पाय जन्मल्यापासून माझ्याच अंगाला चिकटून आहे. त्याला दहादा काही लावलं असतं, तर मला पत्ता नसता?”

“साखरेनं तुमच्या पायाची जाणीव गेलीय,” डॉ. एझिन्वा समजुतीनं म्हणाल्या.

“पायाची गेलीय बाई, डोळ्यांची नाही!”

व्हेस्टा म्हणजे हेझल फोर्क खोऱ्यातल्या शाळेची बस आयुष्यभर चालवलेली बाई. अर्धा तालुका तिच्या बसमधून शिकला, म्हणून सगळे तिला आजीसारखं ‘मॅमॉ’ म्हणायचे. लेटा नेपियरही त्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून घरचा अभ्यास उरकायची. आता लेटा या इस्पितळात बिलांचे कोड घालायची आणि तिचा आठ महिन्यांचा ओरिन दिवसभर मॅमॉच्या घरी असायचा.

मॅमॉच्या टाचेला अंगठा मावेल एवढं भोक पडलं होतं आणि ते भरायचं नावच घेत नव्हतं. डॉ. एझिन्वांना त्यावर वारेचा पापुद्रा लावायचा होता. बाळंतपणानंतर जी वार टाकून द्यायची, तिच्यातला हा पातळ पडदा. आया तो फुकट देतात, मग तो स्वच्छ करून, गोठवून किंवा वाळवून डबीत येतो, आणि न भरणारी जखम त्याच्याखाली भरू लागते. ओरिन पोट चिरून झाला तेव्हा लेटानंही आपली वार दिली होती. सही करताना तिला उगाचच रडू आलं होतं.

अशा प्रत्येक पापुद्र्याला एक कोड असतो, एक अक्षर आणि चार आकडे. कोणता पापुद्रा, कसा टिकवलेला, ते त्यावरून कळतं, आणि दर चौरस सेंटीमीटरला किती द्यायचे तेही. लेटानं मंजुरी मागितली तर सरकारी विम्यानं ती तिथल्या तिथं परत पाठवली होती. या जखमेला दहा वेळा झाले, आता अकराव्याला पैसे मिळणार नाहीत. दहाही वेळा डॉ. बॅलार्डचा दवाखाना, जिथं मॅमॉ दर आठवड्याला पट्टी बदलायला जायची. दहाही वेळा एकच कोड, गोठवलेल्या पापुद्र्याचा, सगळ्यांत महागडा.

“इस्पितळ स्वतःच्या खिशातून लावणार नाही का?” लेटानं विचारलं.

“मी विचारून आले. वरच्या मजल्यावर त्यांनी मला कॉफी पाजली आणि नाही म्हणून सांगितलं.” डॉ. एझिन्वांनी मॅमॉचा हात हातात घेतला, आणि त्या थबकल्या. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर गुलाबी, गुळगुळीत, नवी कातडी होती. “हे काय? शेगडीवर भाजलं?”

“असेल. त्या बर्फाच्या वादळानंतर दिसलं मला. आताशा बोटांनाही कळत नाही फारसं.”

“भाजल्याचंच दिसतंय. जपा जरा.” डॉक्टरीणबाई पुन्हा पायाकडं वळल्या. “जखम हाडाशी पोचलीय. पुढचा सोडून त्यानंतरच्या सोमवारपर्यंत मंजुरी आली तर पापुद्रा. नाही आली तर...” त्यांचा हात मॅमॉच्या गुडघ्याखाली, हवेत, आडवा फिरला.

मॅमॉनं त्या हाताकडं बघितलं. मग लेटाला म्हणाली, “तुझं पोरगं परवापासून रांगायला लागलंय. त्याच्यामागं मी एका पायानं कशी धावणार गं?”

लेटानं तिथूनच विम्याच्या तपासनिसाला फोन लावला. मिस्टर क्विलन, आवाज कोरडा.

“कागद चोख आहेत, मॅडम. प्रत्येक डबीवरची नंबरची चिकटचिठ्ठी फाइलला लावलेली आहे. नंबर खरे, सही खरी. म्हातारीला आठवत नाही, हा काही पुरावा नव्हे.”

“मग पुरावा कशाला म्हणायचं?”

“ते पापुद्रे त्या दवाखान्यात असूच शकत नव्हते, असं काही दाखवा. मी स्वतः गाडी काढून येतो.”

फोन बंद झाला. लेटाचे कान तापले होते. चोरी पैशांची झाली असती तर तिनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण इथं कुणीतरी मॅमॉच्या वाट्याची कातडीच खाऊन बसलं होतं, आणि तेही दहा वेळा.

२

बॅलार्डच्या दवाखान्यातली नर्स ड्रेमा गेहार्ट दुपारच्या सुट्टीत मागच्या पायरीवर सिगारेट ओढत बसायची. लेटा ओरिनला कडेवर घेऊनच गेली. कडेवर पोर असलं की माणसं फटकन हाकलत नाहीत, एवढं ती शिकली होती.

“मला यात ओढू नकोस,” ड्रेमा आधीच म्हणाली.

“मी अजून तोंडही उघडलं नाही.”

“तुझा चेहरा शाळेपासून ओरडतोच. व्हेस्टाच्या पायाचं ना? पट्टी मी करते. पापुद्रा डॉक्टर लावतात.”

“तू बघितलंस लावताना?”

“ते मला कोमट सलाइन आणायला पाठवायचे. परत येईपर्यंत झालेलं असायचं.”

“दहाही वेळा सलाइन संपलेलं असायचं?”

ड्रेमानं राख झटकली. 

“पुढच्या आठवड्यात पट्टी सोडलीस की खाली काय असायचं?”

“जाळी. मलमात भिजवलेली, साधी. ती निघायची, मी फेकायचे.”

“आणि पापुद्रा?”

“तो जखमेत विरतो.”

“विरतो, तर जखम थोडी तरी भरायला हवी होती ना गं?”

ड्रेमाचे डोळे ओरिनवर होते. ओरिन तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राला हात घालत होता. “लेटा, माझा नवरा खाण बंद पडल्यापासून घरी आहे. वादळात वीज गेली तेव्हा आमचं वर्षाचं हरणाचं मांस चर्चच्या पातेल्यात गेलं, सगळ्यांचं गेलं तसं. या दवाखान्याशिवाय माझ्या घरात काही येत नाही.”

“डबी ठेवतात कुठं?”

“खालच्या खोलीत. शवपेटीएवढा फ्रीझर आहे, कुलूपबंद. किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात. आंघोळीलाही काढत नाहीत म्हणे.” तिनं सिगारेट विझवली आणि उठली. दारात थांबून पाठमोरीच म्हणाली, “जानेवारीत मी एकदा खाली गेले होते. फ्रीझर उघडाच होता.”

“मग? काय होतं आत?”

दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

३

पापुद्रे विकणारा ट्रिप हारग्रोव्ह आठवड्यातून एकदा इस्पितळात उगवायचा, हातात हॅम घातलेल्या गरम, पावासारख्या बिस्किटांचा खोका आणि तोंडभर हसरे दात. बिलांच्या खोलीतल्या बायका त्याला ‘नाश्ता’च म्हणायच्या.

“काय लेटा, बाळ झोपू देतंय का?” त्यानं खोका पुढं केला.

“बाळ देतं. तुमचे पापुद्रे देत नाहीत.” तिनं बिस्किट घेतलं नाही. “व्हेस्टा स्टिडमचे दहा तुम्हीच पोचवलेत?”

“एकूण एक. कोरड्या बर्फाच्या पेटीत घालून, लेक्सिंग्टनहून थेट.”

“म्हणजे लावायच्या दिवशी आणून द्यायचात?”

“छे. मी महिन्यातून एकदा माल टाकतो. पुढं तो बॅलार्डच्या फ्रीझरमध्ये. तसला फ्रीझर या खोऱ्यात दुसरा नाही. घरच्या फ्रीझरचं काम नव्हे ते. शून्याखाली ऐंशी! हातमोजे न घालता आतल्या कशाला बोट लावशील, तर बोट येईल आणि कातडी तिथंच राहील.” तो हसला. “आणि दुखायच्या आत झालेलं असतं.”

“अंगठ्याएवढ्या भोकाला बिलातला तळहाताएवढा पापुद्रा कशाला लागतो हो?”

“उरलेलं वाया जातं. वाया गेलेल्याचीही खूण असते बिलात, तुला काय सांगायचं! नियमातच आहे.”

“ज्या आईनं वार दिली, तिला सांगाल का, की नियमात आहे?”

ट्रिपचे दात पहिल्यांदाच झाकले गेले. “बाई, आया दान करतात. आम्ही धंदा करतो. मध्ये कुणी चोर नाही.”

“वादळानंतरच्या आठवड्यातही एक लागलाय. तो कधी आणलात?”

“तो आधीचाच. वादळात मी लेक्सिंग्टनला अडकलो होतो, घाटरस्ता बंद. तीन दिवस या खोऱ्यात कुत्रंसुद्धा आलं नाही बाहेरून. विचार बॅलार्डला!”

विचारायचंच होतं. पण ओरिनच्या कानात पू झाला तेव्हा पैसे न घेता औषध देणारा माणूस म्हणजे हाच बॅलार्ड.

४

डॉ. प्रेंटिस बॅलार्ड उंच, पांढऱ्या केसांचा, चर्चचा डीकन, म्हणजे तिथला मानाचा सेवेकरी. ज्यांच्याकडं फीला पैसे नसत, त्यांच्याकडून तो भोपळे घ्यायचा, मध घ्यायचा, शिकारीच्या दिवसांत हरणाचं मांस घ्यायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे, आणि लेटाही म्हणायची, गेल्या सोमवारपर्यंत.

“बस, पोरी. ओरिनचा कान कसाय?”

“बराय. डॉक्टर, मॅमॉचा पाय जाणार आहे.”

“ऐकलं मी. वाईट झालं.” त्यानं मान हलवली, आणि ती इतक्या सवयीनं हलली की लेटाच्या डोक्यात तिडीक उठली. “आम्ही दहा वेळा प्रयत्न केला. कातडीनं धरलंच नाही. वयच झालंय तिचं.”

“ती म्हणते, काही लावलंच नाही.”

“लेटा, व्हेस्टाला जेवण काय झालं ते आठवत नाही.”

“तिला माझ्या बसथांब्यावरच्या प्रत्येक पोराचं नाव आठवतं.”

“जुनं आठवतं गं. तसंच असतं ते.” तो खुर्चीत मागं रेलला. “शंका घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण माझ्याइतकी काळजी घेणारा दवाखाना दाखव. या किल्लीला,” त्यानं सदऱ्याच्या आतून साखळी बाहेर काढली, “दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. त्या फ्रीझरमध्ये पापुद्र्यांशिवाय काही जात नाही.”

“मग वादळात? वीज तर आपल्या सगळ्यांचीच गेली होती. त्यानंतरही तुम्ही एक लावलात.”

तो हसला. या प्रश्नाची त्यानं तयारी केली होती. “तो काय साधा फ्रीझर आहे? भिंती वीतभर जाड. बंद ठेवला तर तीन-तीन दिवस आतला माल दगड राहतो. वीज गेली त्या क्षणी मी झाकणाला चिकटपट्टी लावली, आणि वीज येईपर्यंत कुणाला बोट लावू दिलं नाही. मी स्वतःसुद्धा नाही.”

“एकदाही उघडला नाही?”

“बायबलवर हात ठेवून सांगतो.”

सगळ्यालाच उत्तर होतं. चिठ्ठ्या खऱ्या, फ्रीझर खरा, किल्ली एक. लेटा उठली. दाराशी त्यानं मायेनं हाक मारली.

“आणि बाळा, असले आरोप करत फिरू नकोस. इस्पितळात तुझी नोकरी आहे. लहान पोर आहे पदरी.”

खाली गाडीत येऊन तिनं दार धाडकन लावून घेतलं. भीतीनं की संतापानं, तिचं तिलाच कळेना.

५

संध्याकाळी ओरिन किरकिरत होता. दात येत होते. लेटानं फ्रीझरमधून गारठवलेला ओला रुमाल काढला. त्याला चघळायला द्यायच्या आधी सवयीनं तो स्वतःच्या ओठाला लावून पाहिला. नवरा तिला यावरून चिडवायचा, “राणीच्या स्वयंपाक्यासारखी प्रत्येक गोष्ट आधी तू चाखतेस.”

रुमाल ओठाला चिकटला, जेमतेम क्षणभर. तिनं ओढला तेव्हा ओठ झोंबला.

ती तशीच उभी राहिली. ओरिन पायाशी बसून ओरडत होता.

बोट येईल आणि कातडी तिथंच राहील.

हा रुमाल साध्या फ्रीझरमधला होता, कोरड्या ओठाला जेमतेम चिकटणारा. माणसाची कातडी सोलून काढायला याहून कितीतरी कडक गारठा लागतो. मॅमॉची बोटं शेगडीनं भाजली नव्हती. गारठ्यानंही अगदी तसंच भाजतं, आणि जिच्या बोटांना कळत नाही तिला ते कळतही नाही.

आणि वादळाचे ते तीन दिवस! खोऱ्यातला प्रत्येक फ्रीझर पाझरत होता. चांगलं मांस नासू द्यायचं नाही आणि शेजारी उपाशी ठेवायचा नाही, म्हणून वीज गेली की इथली प्रत्येक बाई आपलं मांस चर्चच्या स्वयंपाकघरात आणते. तिथं गॅसच्या शेगड्या आहेत. लेटानंही आणलं होतं. तिच्या पिशवीतून गाडीभर रक्तमिश्रित पाणी सांडलं होतं आणि तो वास अजून गेला नव्हता. आणि मॅमॉ तिसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यापाशी बसून मांस सोडवत होती.

तिनं ओरिनला रुमाल दिला आणि फोन उचलला.

“मॅमॉ, वादळात चर्चमध्ये मांस सोडवत होतात, तेव्हा एखादं घट्ट गोठलेलं आलं होतं का?”

“अगं बाई, ते! कसं विसरेन? सगळ्यांचं लिबलिबीत, आणि तो एक खोका म्हणजे नुसते धोंडे. सुरी आपटली तर सुरीचं टोक उडालं. मग मी ओल्या हातांनीच एकेक पुडा ओढून वेगळा केला. मी म्हटलंसुद्धा, मेल्यावरही हट्टी आहे हे हरीण!”

“कुणी आणला होता तो खोका?”

मॅमॉनं नाव सांगितलं. सांगताना ती हसत होती, कारण त्या खोक्याबद्दल सगळ्यांनी त्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

लेटानं मिस्टर क्विलनना फोन केला. “गाडी काढा,” ती म्हणाली. “बुधवारी चर्चमध्ये जेवण आहे. बीन्स आणि मक्याचा पाव. उपाशी या.”

६

बुधवारच्या जेवणाआधीची प्रार्थना डीकन बॅलार्डच सांगायचा. “जे आमच्यात दुबळे आहेत त्यांना हे प्रभो...” असं त्यानं सुरू केलं, आणि व्हीलचेअरवरची मॅमॉ मोठ्यानं म्हणाली, “आमेन, आता पुरे.”

हॉलमध्ये हशा पिकला. ड्रेमा नवऱ्याबरोबर कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. ट्रिप बॅलार्डच्या शेजारी. महिन्याचा माल टाकायला आला होता आणि फुकटचं जेवण त्यानं कधी सोडलं नव्हतं. खिडकीशी एक काटकुळा अनोळखी माणूस मन लावून बीन्स खात होता.

लेटा ओरिनला कडेवर घेऊन उभी राहिली.  इथल्या निम्म्या लोकांनी तिच्या लग्नात पाय थिरकवले होते आणि उद्या तेच तिच्याशी बोलणार नव्हते कदाचित.

“डॉक्टर, वादळात तुम्ही चर्चला मांस दिलंत, त्याचे आभार राहिलेत मानायचे.”

“अगं, त्यात काय! सगळ्यांनीच दिलं.”

“सगळ्यांचं पाझरत होतं. तुमचं तिसऱ्या दिवशीही दगड होतं. मॅमॉ, बोटं दाखवा.”

मॅमॉनं हात वर केला. तीन गुलाबी टोकं दिव्याखाली चमकली.

“ही बोटं तुमच्या खोक्यावर सोलली गेली. डॉ. एझिन्वांनी आज पुन्हा नीट तपासली. हे शेगडीचं नाही, गारठ्याचं भाजणं आहे. तीन दिवस वीज नसताना मांसाला इतका गारठा आला कुठून?”

“माझा घरचा फ्रीझर चांगला आहे,” बॅलार्ड म्हणाला.

“तुमच्या बायकोनं घरचं मांस पहिल्याच दिवशी आणलं होतं,” मॅमॉ म्हणाली. “गळत होतं. मीच फरशी पुसली.”

“मग... बाहेर पोर्चवर ठेवलं असेल. बर्फ पडत होता.”

“पोर्चवरच्या बादलीत पाण्यावर बर्फाचं पातळ सालपट धरलं होतं,” लेटा म्हणाली. “त्यानं कातडी सोलली जात नाही. कोरडा बर्फ म्हणाल, तर तो आणणारे हे साहेब लेक्सिंग्टनला अडकले होते आणि घाट बंद होता. त्यांनीच सांगितलं मला.” ट्रिप ताटाकडं बघू लागला. “या खोऱ्यात तीन दिवस माल दगड ठेवील असा एकच डबा आहे. तीन दिवसांचं तर तुम्हीच सांगितलंत. किल्ली एक, ती तुमच्या गळ्यात. आणि वादळात एकदाही उघडला नाही म्हणून बायबलवर हात ठेवायला निघाला होतात.”

 कुणाचा तरी चमचा खाली पडला.

बॅलार्डचा चेहरा लाल झाला. “ठीक आहे! ठेवलं असेल थोडं मांस एका कोपऱ्यात. लोक देतात, घरात मावत नाही. म्हणून काय पापुद्रे नव्हते असं होतं? ते शेजारीच होते!”

“म्हणजे माणसाच्या जखमेत घालायची गोष्ट तुम्ही हरणाच्या तंगडीला टेकवून ठेवली होती, आणि वादळात झाकण उघडल्यावरही त्यातलीच एक मॅमॉला लावलीत? असं म्हणायचंय का तुम्हाला, सगळ्यांसमोर?”

 तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली.

“कोपऱ्यात नव्हतं मांस,” ड्रेमा म्हणाली. नवऱ्यानं तिचा हात धरला होता, पण बसवायला नव्हे. “जानेवारीत मी पाहिलं. तळापासून झाकणापर्यंत पांढऱ्या कागदातले पुडे. डबी एकही नव्हती. मी गप्प बसले. व्हेस्टा, मी दर आठवड्याला तुझा पाय हातात घेतला आणि गप्प बसले.”

“तुझं तू देवाला सांग,” मॅमॉ म्हणाली. “आधी त्या माणसाला सांग. बीन्सवाल्याला.”

खिडकीशी बसलेल्या काटकुळ्या माणसानं तोंड पुसलं. “क्विलन, सरकारी विमा. मिस्टर हारग्रोव्ह, पापुद्रे नव्हते, तर त्यांच्या चिठ्ठ्या फाइलमध्ये कशा आल्या?”

“त्यानं मागितल्या!” ट्रिप उभा राहिला. “मुदत संपलेला माल जाळायचाच असतो. चिठ्ठ्या तेवढ्या काढून... हे बघा, वाटा त्याचा जास्त होता!”

“बस खाली,” बॅलार्ड दात खाऊन म्हणाला. आणि मग लेटाकडं वळून, खरोखरच न कळल्यासारखं, “मी या लोकांसाठी काय केलं नाही? तुझ्या पोराचा कान मी फुकट बरा केला.”

“केलात. म्हणून तर कुणी तुम्हाला काही विचारत नव्हतं,” लेटा म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि ओरिन तिच्या तोंडाकडं टकमक बघत होता. “कोड तुम्ही निवडलात, डॉक्टर. फळीवर राहणाऱ्या वाळवलेल्या पापुद्र्याचा घातला असतात, तर फ्रीझरचा प्रश्नच आला नसता. पण तो स्वस्त. तुम्हाला सगळ्यांत महाग हवा होता, आणि तो ठेवायला फ्रीझर लागतो. तो फ्रीझर तुम्ही हरणांनी भरलात. माझ्यासारखीनं पोट चिरलेलं असताना, पहिलं दूध पाजायच्या आधी, कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सही केली होती. ती वार तुम्ही दोघांनी मुदत संपेपर्यंत पडू दिलीत, जाळलीत, आणि तिची चिठ्ठी विकलीत. आणि हिचा पाय जातोय, तर म्हणता वय झालंय!”

कुणीही बॅलार्डची बाजू घेतली नाही. पण तो निघाला तेव्हा त्याच्यासाठी दार धरायला दोघं सवयीनं उठले, आणि उठल्यावर काय करावं ते न कळून तसेच उभे राहिले.

७

मंजुरी शुक्रवारी आली. दहाही नोंदी रद्द झाल्या. मॅमॉचा पाय कागदावर पुन्हा कोरा झाला.

सोमवारी, पाय कापायला राखून ठेवलेल्या वेळेलाच, डॉ. एझिन्वांनी त्याच सकाळी कोरड्या बर्फातून आलेली डबी उघडली. लेटा दाराशी उभी होती. आतला पापुद्रा टपालाच्या तिकिटाएवढा, कांद्याच्या आतल्या पडद्यासारखा, उजेड आरपार जाणारा. चिमट्यानं तो जखमेवर ठेवला तर ओल्या मांसाला आपसूक बिलगला.

“एवढंसं?” मॅमॉ मान उंच करून बघत होती. “एवढ्याशासाठी एवढं रामायण?”

“जखमेएवढाच घेतलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धरेलच असं वचन देत नाही. उशीर फार झालाय.”

“धरेल. नाही धरलं तर बघू.” मॅमॉनं मान उशीवर टेकली. “कुणाच्या पोराबरोबर आला असेल गं हा?”

“ते सांगत नाहीत, मॅमॉ.”

“ती बाई कुठं तरी पोराच्या मागं धावत असेल आत्ता. तिला सांगता आलं असतं, की पोचलं म्हणून.”

लेटा खाली आपल्या खोलीत आली. डबीवरची चिठ्ठी तिनं स्वतः फाइलला चिकटवली, अंगठ्यानं दाबून. मग कोड टाइप केला. याच पायाच्या नावावर हाच कोड आधी दहादा टाइप झाला होता. चौरस सेंटीमीटरच्या रकान्यात तिनं चार लिहिलं. वाया गेलेल्याच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं, आणि तिथं तिनं शून्य घातलं.